प्राथमिक शाळेत समाजकार्यकर्तीने नेमके काय करायचे असते?

नवी_वाट :

नमस्कार. मी यंदाच एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) पूर्ण केले असून जूनच्या मध्यापासून एका स्वयंसेवी संस्थेतर्फे महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत समाजकार्यकर्ती म्हणून काम करत आहे. शाळा पहिली ते सातवी, पट तीनशेच्या थोडा वर आहे. बहुतेक पालक बिगारी, घरकाम, भाजीची हातगाडी किंवा रिक्षा यांवर पोट भरतात. माझी नेमणूक सध्या एका वर्षापुरती आहे.

नेमणूकपत्रात 'विद्यार्थी, पालक व शाळा यांच्यात समन्वय साधणे' एवढे एकच वाक्य आहे. प्रत्यक्षात गेल्या दोन महिन्यांत मी आधार क्रमांकांच्या दुरुस्त्या केल्या, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, शिक्षक रजेवर असले की त्यांच्या वर्गावर बसले आणि दंगेखोर मुलांना 'समजावून सांगण्यासाठी' माझ्याकडे पाठवले गेले तेव्हा त्यांना समजावूनही सांगितले. मुख्याध्यापक स्वभावाने चांगले आहेत, परंतु माझे काम काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा, आम्ही करू देतो." मला ते सांगता आले नाही, हे कबूल करायला हवे.

एक उदाहरण देते. चौथीतील एक मुलगी आठवड्यातून जेमतेम एक-दोन दिवस येते. वर्गशिक्षिकांच्या मते तिला शिक्षणाची आवड नाही आणि आईलाही पर्वा नाही. मी घरी गेले तेव्हा दाराला बाहेरून कडी होती आणि आत लहान मूल रडत होते. मी परत आले. पुढे काय करावे हे मला सुचले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. शाळेतील समाजकार्यकर्ती ही समुपदेशक आहे, शिक्षकांची मदतनीस आहे की आणखी काही? सुरुवात कोठून करावी? मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांना किती सांगावी? आणि एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर नेमके कोणाकडे जावे?


खडूफळा :

मी महापालिकेच्या शाळांत तीस वर्षे शिक्षिका आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका होते. आपल्या मुख्याध्यापकांनी जे उत्तर दिले, ते मीही दिले असते, कारण आपल्या शाळांच्या रचनेत या पदाला जागाच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेली अनुसूची काढून पाहा. पहिली ते पाचवीसाठी दोनशे मुलांपर्यंत पटानुसार दोन ते पाच शिक्षक, दीडशेच्या वर पट गेला की मुख्याध्यापक, सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, इतकेच नव्हे तर कुंपण, स्वयंपाकाची खोली आणि ग्रंथालय यांचाही तीत उल्लेख आहे, परंतु समाजकार्यकर्ता हा शब्द मात्र नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो प्रथमच ठळकपणे आला. प्रत्येक मूल शाळेत यावे आणि टिकावे यासाठी समुपदेशक किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ते शाळांशी अथवा शाळा-संकुलांशी जोडले जातील आणि ते मुले, पालक व वस्ती यांच्यात सतत काम करतील, असे त्यात म्हटले आहे. धोरणात आलेली गोष्ट वेतनपत्रकात येण्यास किती काळ लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तोवर संस्थेने पाठवलेली व्यक्ती म्हणजे मुख्याध्यापकाला आयती मिळालेली हातांची जोडी असते आणि त्याच्यासमोर 'सरल' या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवरच्या नोंदींचा ढीग पडलेला असतो. त्यांचा राग मानू नका.

आता सुरुवात. आपण मुलांपासून सुरुवात करू नका, हजेरीपटापासून करा. सर्व वर्गांचे जुलै-ऑगस्टचे कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, मागून घ्या आणि एक दुपार त्यांच्याजवळ बसा. किती दिवस गैरहजर, हे सर्वच मोजतात, आपण कोणत्या वारी गैरहजर, हे पाहा. आठवडी बाजाराच्या दिवशी गळणारी मुले वेगळी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी गळणारी वेगळी आणि सोमवारी न येणारी वेगळी. माझ्या एका शाळेत दोन भाऊ कधीच एका दिवशी हजर नसत, एक आला की दुसरा घरी. चार वर्षे शेजारशेजारच्या वर्गांत असूनही ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण प्रत्येक शिक्षक फक्त स्वतःचा कॅटलॉग पाहत होता. दोघांत गणवेश एकच होता. सगळ्या वर्गांची हजेरी एकत्र पाहणारे शाळेत कोणीच नसते, आणि ती जागा आपली आहे.

कागदपत्रांबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. आधारची दुरुस्ती आपले काम नाही हे खरे, परंतु सगळेच कागद झिडकारू नका. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे, तरीही दरवर्षी काही आया शाळेच्या दारातून परत जातात. वडील वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या मुलासाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. ती कागदांवाचून मिळत नाही आणि ते कागद गोळा करताना त्या आईशी चार वेळा बोलणे होते. त्या चार बोलण्यांत जे कळते, ते पालकसभेत कधीच कळत नाही. कोणता अर्ज कारकुनी आहे आणि कोणता अर्ज घराचे दार उघडतो, एवढा विवेक ठेवा म्हणजे झाले.

बदली तासांचे म्हणाल तर मुख्याध्यापकांकडून आठवड्याचे वेळापत्रक लिहून घ्या. सकाळची वेळ हजेरी व वर्गभेटी, दुपार वस्तीसाठी आणि एक ठराविक दिवस कागदांसाठी, असे कागदावर आले की तोंडी सांगितलेली कामे आपोआप कमी होतात. निदान माझ्याकडे तरी होत असत.


तिसरी_घंटा :

मी सध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. थोडा विरोधी सूर लावतो, क्षमस्व.

गैरहजर मुलाच्या घरी जाणे, पालकाला मजुरीच्या ठिकाणी गाठणे, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे मूल मागे ठेवून घेण्यासाठी आजीची समजूत काढणे, हंगामी वसतिगृहाची यादी करणे आणि जे मूल जाणारच त्याच्या हाती, तेथील शाळेत प्रवेश मिळावा म्हणून, शिक्षण हमी कार्ड देणे, हे सर्व आम्ही शिक्षकच करत आलो आहोत. राज्यात त्याला 'बालरक्षक' असे नावही मिळाले आहे. गावातल्या शिक्षकाला त्या घराच्या तीन पिढ्या ठाऊक असतात. एका वर्षाच्या नेमणुकीवर आलेली व्यक्ती मुलाचा विश्वास मिळवते, त्याच्याकडून घरातले सर्व काढून घेते आणि मार्चमध्ये प्रकल्प संपला की निघून जाते. त्यानंतर ते मूल आमच्यासमोर बसलेले असते आणि आम्हांला काहीच ठाऊक नसते, कारण ते सर्व 'गोपनीय' असते. आपण शिक्षकांना किती सांगावे असे विचारले आहे. माझ्या मते बहुतेक सर्व सांगावे.


वस्तीभेट :

मी या क्षेत्रात अठरा वर्षे आहे, त्यांपैकी नऊ वर्षे शाळांमध्ये गेली. तिसरी_घंटा यांचे म्हणणे निम्मे मान्य आहे. जेथे पंधरा-वीस मुलांमागे एक शिक्षक आहे आणि तो गावात मुरलेला आहे, तेथे तो समाजकार्यच करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु शहरातल्या ज्या वस्तीत भाडेकरू अकरा महिन्यांनी घर बदलतात आणि शिक्षक शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून येतो, तेथे तीन पिढ्यांची ओळख कोठून आणायची? आपल्याकडे समाजकार्याचे पहिले व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या एका वस्तीकेंद्रातच सुरू झाले (तीच संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते), हा योगायोग नव्हे. गिरणी-गोदीच्या शहरात ओळखीचे गाव उरले नव्हते, म्हणून ओळख करून घेणारा माणूस नेमावा लागला. मुंबईतच समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ मध्ये 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केले तेव्हाही मूल शाळेत का येत नाही, हे त्याच्या घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन पाहणे हाच त्यांचा मार्ग होता.

समुपदेशक आणि समाजकार्यकर्ती यांतला फरक मी असा समजते की, समुपदेशक मुलाच्या मनात काय चालले आहे ते पाहतो, तर आपण मुलाभोवती काय चालले आहे ते पाहतो. दंगा करणाऱ्या मुलाला समजावून सांगा म्हणून पाठवतात, ते बहुधा चुकीच्या दारी पाठवलेले असते. तो मुलगा मधल्या सुट्टीपूर्वी दंगा करतो की नंतर, हे एकदा पाहा. खिचडी खाल्ल्यावर शांत होणाऱ्या मुलाला समजावून सांगण्यासारखे काही नसते, त्याच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, एवढेच असते. तसेच फळ्याकडे न पाहणाऱ्या मुलाचे डोळे आणि हाक न ऐकणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, ते आले त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवा, कारण नेमक्या त्याच मुलांना तपासणीची गरज असते आणि नेमकी तीच सुटतात.

आता आपली चौथीतील मुलगी. बाहेरून कडी आणि आत लहान मूल, हे पाहून आपण परत आलात, ते योग्य केले नाही, हे स्पष्टच सांगते. कडी काढायची नव्हती, परंतु शेजारचे दार वाजवायला हवे होते. ते मूल किती वर्षांचे, एकटे आहे की बहीणही आत आहे, आई केव्हा येते, एवढे तीन प्रश्न शेजारणीला विचारून, आई येईपर्यंत तिला लक्ष ठेवायला सांगून मगच निघायचे. पुन्हा जा, पण आई घरी असते त्या वेळी जा आणि पहिल्या भेटीत शाळेचा विषय काढू नका. "मुलगी का येत नाही?" असे विचारले की पालकाला तो पोलिसी प्रश्न वाटतो आणि उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे 'आजारी होती'. दिवस कसा जातो, कामावर केव्हा निघता, पाणी केव्हा येते, असे विचारा. घराचे वेळापत्रक हाती आले की मुलीच्या गैरहजेरीचे कारण आपोआप दिसते. वस्तीतल्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांची ओळख पहिल्याच महिन्यात करून घ्यायची असते. ज्या घरात आपल्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नाही, त्या घरात त्या माजघरापर्यंत जातात.

शिक्षकांना किती सांगावे? वर्गात उपयोगी पडेल तेवढे. "तिला सकाळी घरकाम असते, उशीर झाला तर बाहेर उभी करू नका," हे सांगावे. "तिचा बाप पितो आणि आईला मारतो," हे सांगू नये, कारण ते शिक्षकांच्या खोलीत पोहोचले की संध्याकाळपर्यंत वस्तीत पोहोचते आणि ते दार आपल्याला कायमचे बंद होते. मात्र तिसरी_घंटा यांचा मुद्दा मला लागला. वर्ष संपताना प्रत्येक मुलाबद्दल अर्धे पान वर्गशिक्षकासाठी लिहून ठेवणे, आणि त्यात काय लिहिणार ते त्या मुलाला आधी वाचून दाखवणे, ही सवय मला फार उशिरा लागली.

अत्याचाराच्या बाबतीत मात्र गोपनीयतेचा प्रश्नच उरत नाही. मुलाला 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे होत नाही, आणि कनिष्ठाच्या गुन्ह्याची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखासाठी तर शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याने जे शब्द वापरले ते तसेच, दिनांक आणि वेळेसह लिहून ठेवा. पोलिसांनी गणवेशात न येता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने जबाब घ्यावा, असे कलम २४ सांगते, हे आपणच पालकांना समजावायचे असते. मूल घरात सुरक्षित नसेल, तर बालकल्याण समितीसमोर त्याला चोवीस तासांच्या आत हजर करावे लागते, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ३१ मध्ये हे करू शकणाऱ्यांच्या यादीत 'समाजकार्यकर्ता' स्पष्टपणे आहे. शिक्षण हक्काच्या अनुसूचीत आपल्याला जागा नाही, असे खडूफळा म्हणाल्या, पण येथे ती आहे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) १०९८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात नव्हे, तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे लावा, तेथे तो एकटीने वाचता येतो.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. मारणारा हात शाळेतलाच असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे, परंतु पट्टी हातात घेणारे गुरुजी रोज आपल्याबरोबर डबा खातात. मी एकदा गप्प राहिले होते. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही.


सातासमुद्रापार :

मी न्यू जर्सीतील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत समाजकार्यकर्ती आहे, शिक्षण मात्र मुंबईचे. येथे हे पद शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड येथे स्थलांतरितांच्या वस्त्यांतून घरोघर फिरणाऱ्या 'भेट देणाऱ्या शिक्षिका' नेमल्या गेल्या, त्यांच्यापासून ते आले. आमच्या राज्यात प्रत्येक शाळा-जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमता तज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांचे बाल-अभ्यास पथक असते. एखाद्या मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे ठरवताना ते दोघे मुलाला तपासतात आणि मी घराचा सामाजिक पूर्ववृत्तांत लिहिते.

पण हेवा करू नका. कायद्याने जागा मिळाली, तशी मुदतीची कागदपत्रेही मिळाली. पालकांच्या संमतीपासून नव्वद दिवसांत मूल्यमापन आणि कार्यक्रम पूर्ण करण्याचे बंधन असते, त्यामुळे वर्षाचा मोठा भाग बैठका व अहवाल यांत जातो आणि घरभेट हा शब्द माझ्या दैनंदिनीत क्वचितच दिसतो. पालकच शाळेत येतात, दुभाष्या फोनवर असतो. आपल्याला अजून वस्तीत जायला कोणी अडवत नाही, हे मला दुरून फार मोठे वाटते. वस्तीभेट यांनी सांगितलेली अर्ध्या पानाची पद्धत मात्र मी उचलणार आहे.


नवी_वाट :

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी काहीतरी करून मग लिहावे असे वाटले. वस्तीभेट यांचा ठपका मान्य आहे. दुसऱ्याच दिवशी शेजारणीला भेटले. मूल दोन वर्षांचे आहे आणि मुलगी त्याच्यासोबतच आत असते. कडी आई लावून जाते, कारण गल्लीपलीकडे मोठा रस्ता आहे.

त्यानंतर कॅटलॉग घेऊन बसले. ही मुलगी जुलै-ऑगस्टमध्ये सोमवार ते शुक्रवार जवळजवळ कधीच आलेली नाही, पण एकाही शनिवारी गैरहजर नाही. आमची शाळा रोज साडेदहाला भरते आणि शनिवारी सकाळी साडेसातला. आई पोळ्यांच्या कामाला दहाला घर सोडते आणि साडेचारला परतते. शिक्षणाची आवड नसलेली मुलगी दर शनिवारी सकाळी सातला उठून येत होती. वर्गशिक्षिकांना मी तो कॅटलॉग दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "शनिवारी ती पहिल्या बाकावर बसते."

आमच्याच इमारतीत सकाळच्या सत्रात महापालिकेची दुसऱ्या क्रमांकाची शाळा भरते. तेथे नाव घातले तर आई निघण्यापूर्वी, थोडी लवकर सुटी मिळाली तर, मुलीचे बरेचसे तास होतील. आईने कामाच्या घरी विचारून अकराला निघण्याची परवानगीही मिळवली आहे. दुपारी मात्र ती भावाला सांभाळणारच, आणि दाराच्या कडीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. आता अडचण अशी आहे की मुख्याध्यापक शाळा सोडल्याचा दाखला द्यायला तयार नाहीत. "३० सप्टेंबर होऊ द्या," असे ते म्हणतात.


खडूफळा :

३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरते, आणि पट घटला तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल, तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा असतो आणि विलंब केल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिवाय दाखला हाती नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. तेव्हा आपण आईला घेऊन उद्या सकाळीच त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जा, त्यांनाही पट हवाच असतो. त्या मुलीला सोमवारपासून तेथे बसू द्या आणि दाखल्याची मागणी त्यांच्या पत्राने येऊ द्या. आपल्या मुख्याध्यापकांना मात्र हे आजच, त्यांच्या खोलीत, दार लोटून सांगा. दुसऱ्याच्या पत्रातून कळले तर ते पुढच्या प्रकरणात आपल्याला कॅटलॉग देणार नाहीत.

दुपारच्या कडीबद्दल त्या शेजारणीशीच बोलून पाहा. तिला थोडे पैसे द्यायला आई तयार होईल का, हे तुम्हांलाच विचारता येईल.